मालक चांगला निघाला, म्हणून प्रश्न मिटला?

‘किंग द लँड’ ही कोरियन मालिका टाकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही. 2023च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत ती जेटीबीसी वाहिनीवर शनिवार-रविवार चालली. त्याच वेळी ती नेटफ्लिक्सवरून जगभर पोचली आणि इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या मालिकांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावरही जाऊन आली. ली जुन-हो आणि इम यून-आ दोघंही कोरियन पॉप संगीतातून आलेले, देखणे, आणि विनोदाचं टायमिंग पक्कं असलेले. दोघं एका चौकटीत आले की पडदा उजळतो. के-ड्रामा बघणाऱ्या मैत्रिणींत ज्याला ‘केमिस्ट्री’ म्हणतात, ती इथं भरपूर आहे. तरी सोळा भाग संपल्यावर मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. ‘मधले भाग उगाच ताणले’ किंवा ‘शेवट फारच गोड केला’ एवढंच त्याचं कारण नव्हतं. गोड शेवटासाठीच तर माणूस रोमँटिक कॉमेडी लावतो. माझी तक्रार वेगळी आहे. या मालिकेनं स्वतःहून एक खरा प्रश्न हातात घेतला, सुरुवातीच्या भागांत तो नेमका मांडला, आणि नायक-नायिका प्रेमात पडल्याबरोबर गुंडाळून कपाटात टाकला.

प्रश्न हसण्याचा आहे. किंग हॉटेल हे सोलमधलं अतिश्रीमंतांचं हॉटेल. चॉन सा-रांग तिथं नोकरीला लागते. तिच्याकडे चार वर्षांची पदवी नाही, दोन वर्षांच्या कॉलेजचं शिक्षण आहे, आणि तेवढ्यावरून तिला कमी लेखलं जातं. आजी सूप-भाताची खाणावळ चालवते, मागे दुसरं कोणी नाही. अशा मुलीच्या हाती भांडवल म्हणून जे उरतं ते तिचं हसू. पाहुणा उद्धट असो, वरिष्ठ मूर्ख असो, पाय भरून आलेले असोत, चेहरा हसरा पाहिजे. त्या हसण्याच्या बळावर ती वर्षानुवर्षं एकेक पायरी चढत हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, बड्या पाहुण्यांसाठी राखीव लाउंजपर्यंत पोचते. मालिकेचं नाव त्या लाउंजचंच. दुसऱ्या बाजूला गू वॉन, ज्या उद्योगसमूहाचं हे हॉटेल त्याचा वारस. त्याला खोटं हसू बघवत नाही. अंगावर काटा येतो त्याच्या.

एवढा ऐवज हातात असताना लेखकाला आणखी काय हवं? एका बाजूला जिला न हसणं परवडत नाही अशी मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला जो हसणं नाकारू शकतो असा मालक. न हसण्याची मुभा ही सुद्धा श्रीमंतीच आहे, हे एका वाक्याचंही भाषण न देता पहिल्याच दोन भागांत कळतं.

हा विषय काही लेखकांच्या डोक्यातून उगवलेला नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या हवाईसेविकांचा अभ्यास करून 1983 साली मांडलं होतं की चेहऱ्यावर आणि मनावर ताबा ठेवून ग्राहकाला बरं वाटायला लावणं हेही श्रमच आहेत, पगारात ते धरलेले असोत वा नसोत. दक्षिण कोरियात ही कल्पना विद्यापीठांपुरती राहिली नाही, कारण तिथं तिचे पुरावे दर थोड्या दिवसांनी बातम्यांत यायचे. सगळ्यांत गाजलेला प्रसंग 5 डिसेंबर 2014चा. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर कोरियन एअरचं विमान उड्डाणासाठी निघालेलं. पहिल्या वर्गात बसलेल्या कंपनीच्या उपाध्यक्षा, म्हणजे अध्यक्षांचीच मुलगी, मॅकाडॅमिया नट्स बशीत न देता पुडीत दिले म्हणून भडकल्या. विमान परत गेटला आणायला लावलं आणि पर्सरला, म्हणजे विमानातल्या सेवकवर्गाच्या प्रमुखाला, उतरवलं. आपल्याला गुडघे टेकून माफी मागायला लावलं, असं त्या पर्सरनं नंतर सांगितलं. 2015च्या फेब्रुवारीत उपाध्यक्षांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि मे महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन त्या सुटल्या. या बाईंकडे त्याच समूहाच्या हॉटेलांचाही कारभार होता, हे ‘किंग द लँड’ बघताना आठवल्याशिवाय राहत नाही.

2018 साली त्यांच्या धाकट्या बहिणीनं एका बैठकीत पाणी फेकल्याचं प्रकरण निघालं. त्या वेळी विमान कंपनीचे कर्मचारी सोलच्या रस्त्यावर उतरले ते चेहऱ्यावर मुखवटे चढवून. ओळख पटली तर नोकरी जाईल ही भीती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्राहकांना तोंड द्यावं लागणाऱ्या कामगारांना शिवीगाळीपासून संरक्षण देण्याची, गरज पडल्यास त्यांना काम थांबवू देण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली. पुढच्या वर्षी, 2019च्या जुलैत, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धची तरतूद लागू झाली. म्हणजे 2023 साली हॉटेलातल्या हसऱ्या मुलीची गोष्ट सांगायला बसलेल्या माणसांच्या पायाखाली ही सगळी ताजी जमीन होती. आणि त्यांना ती माहीत होती, म्हणूनच तर सुरुवात एवढी अचूक झाली.

सा-रांगच्या दोन मैत्रिणींवरून तर हे स्पष्टच दिसतं. एक प्योंग-ह्वा, त्याच समूहाच्या विमान कंपनीत हवाईसेविका. तिची बढती अडली आहे, मागून आलेल्या पुढे निघून गेल्या आहेत. दुसरी दा-उल, ड्यूटी-फ्री दुकानात. विक्रीत तिचा हात धरणारं कोणी नाही, पण घरी नवरा आणि सासू आयतं खाऊन वर तिच्यावरच डाफरतात. तिघी एका घरात जमतात, बिअरचे डबे फोडतात, दिवसभराच्या पाहुण्यांच्या नकला करतात. मला विचाराल तर मालिकेतली सगळ्यांत खरी प्रेमकथा ही तीन मैत्रिणींची आहे. दा-उल शेवटी सासरच्यांना जे सुनावते, ते दृश्य मी मागे नेऊन परत बघितलं. कोरियात 2022 साली बायकांची कमाई पुरुषांपेक्षा साधारण 31 टक्क्यांनी कमी होती, श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात सगळ्यांत मोठी तफावत. पगारदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक कायम नोकरीत नाहीत. ही सगळी आकडेवारी त्या तिघींच्या गप्पांत नाव न घेता बसलेली असते.

आणि मग प्रेम जमतं.

प्रेम जमल्यावर काय होतं बघा. नायिका डोंगरात हरवते, नायक हेलिकॉप्टर घेऊन येतो. थायलंडची सहल निघते आणि जवळजवळ अख्खा भाग ट्रॅव्हल कंपनीच्या माहितीपत्रकासारखा जातो: इथं देऊळ, इथं नदी, इथं जेवण. भेटवस्तू, गाड्या, आलिशान जागा. हे सगळं मी हसत-हसत माफ केलं असतं. रोमँटिक कॉमेडीत हेलिकॉप्टर येणारच, त्यात काय. पण त्याच वेळी खाली तळघरात एक गुपचूप अदलाबदल चालू असते. गू वॉनला खोटं हसू का खपत नाही, याचं कारण हळूहळू उलगडतं. लहानपणी त्याची आई नाहीशी झाली, आणि त्या घरात सगळे काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वावरले. म्हणजे ज्या गोष्टीला आपण नोकरीतला जाच समजत होतो, ती निघाली मालकाच्या बालपणातली जखम. सा-रांगचं हसू हा तिच्या पगाराचा, तिच्या पायांचा, तिच्या बढतीचा प्रश्न राहिला नाही, त्याच्या मनाच्या दुखण्यावरचं औषध झाला. तो तिला सांगतो, माझ्यासमोर खोटं हसू नकोस. प्रेक्षक विरघळतात. दृश्य छान घेतलंय, मीही विरघळले. पण जरा थांबून पाहिलं तर आधी हॉटेलनं हसायची सक्ती केली होती, आता हॉटेलचा वारस न हसायची आज्ञा देतो आहे. त्या मुलीचा चेहरा तिच्या स्वतःच्या ताब्यात नेमका कधी आला?

पुढे जिथं-जिथं अन्याय दिसतो तिथं त्यावर एकच उतारा मिळतो: साहेब चांगले आहेत. दुष्टपणा सगळा सावत्र बहीण गू ह्वा-रानच्या वाट्याला दिलेला. तिला नोकर म्हणजे माणसं वाटत नाहीत. चांगुलपणा सगळा भावाच्या वाट्याला. कामगार चांगल्या मालकाच्या पदरी पडले की त्यांचं भलं होणार, वाईट मालकिणीच्या पदरी पडले की हाल होणार. त्यांनी स्वतः काही करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. 2018चा तो कायदा शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकापासून संरक्षण हा कामगाराचा हक्क मानतो. मालिकेत तेच संरक्षण मालकाच्या प्रेमापोटी मिळालेली मेहेरबानी होऊन येतं. एवढ्या हॉटेलात, विमानात, दुकानात एक कामगार संघटना नाही? नावालाही नाही. भांडवलदारांवर एवढं हिरिरीनं बोलणारी कोरियन करमणूक या एका शब्दाजवळ आली की खोकून पुढे जाते.

आता ‘अगं, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेतेस’ हा आक्षेप येणार. तो मी हलक्यात घेत नाही. दिवसभर दहा तास उभं राहून घरी आलेल्या बाईला रात्री परत दहा तास उभी राहिलेली बाई बघायची नसते. तिला हेलिकॉप्टर बघायचं असतं, आणि तिला ते मिळालं पाहिजे. दिलासा ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मानणारे समीक्षक बहुधा दमलेले नसतात. पण दिलासा देण्यासाठी प्रश्न मोडूनच टाकावा लागतो, हे मला पटत नाही, कारण याच कोरियानं, याच प्रकारात, ते न करता दिलासा दिलेला आहे.

2005 सालची ‘माय लव्हली सॅम-सून’ घ्या. शेवटच्या भागाचं रेटिंग 50 टक्क्यांच्या पुढे गेलेली ही मालिका. किम सन-आची सॅम-सून पेस्ट्री बनवणारी, वजनदार, फटकळ, आणि त्या काळच्या मानानं ‘लग्नाचं वय उलटलेली’. ह्युन बिनचा नायक तिच्या रेस्टॉरंटचा मालक, त्याची आई हॉटेलवाली. म्हणजे मांडणी जवळजवळ तीच. पण इथं नायिका खोट्या प्रेमाच्या कराराबदल्यात रोख 5 कोटी वॉन मागते, कारण घर कर्जापायी जायची वेळ आलेली असते. पैशाबद्दल तोंड उघडून बोलते, घासाघीस करते, हिशेब ठेवते. प्रेम होतं, पण त्यामुळे पैसा अदृश्य होत नाही. आणि शेवट? आई विरघळत नाही. लग्न लागत नाही. दोघं भांडत-प्रेम करत सोलच्या नामसानच्या पायऱ्या चढत राहतात, सॅम-सूनचं बेकरीचं काम चालू राहतं. त्या मालिकेत मनगट धरून ओढणारा नायक आहे, आज ते बघताना मान दुसरीकडे वळते. ‘किंग द लँड’चा नायक त्या मानानं कितीतरी सभ्य. नायकाची वागणूक सुधारली, याचा आनंदच आहे. पण नायिका अठरा वर्षांत पैशाबद्दल बोलायची बंद झाली, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

2017ची ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ तर याहून पुढे गेलेली. जी-हो ही मालिका-लेखकांच्या हाताखाली राबणारी सहायक. डोक्यावर छप्पर नाही. जिथं काम करते तिथंच एक सहकारी तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो आणि वरिष्ठ ते झटकून टाकतात. नायकाकडे फ्लॅट आहे, पण पुढची कित्येक दशकं फेडायचं कर्जही आहे. तिला खोली हवी, त्याला भाडं हवं, म्हणून दोघं लग्नाचा करार करतात. ती त्याच्या घरच्या पितरांच्या विधीला जाऊन दिवसभर राबते. मग तो म्हणतो, या श्रमाची परतफेड झाली पाहिजे, आणि तिच्या माहेरी जाऊन घरभरच्या बायकांसोबत वर्षाचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला बसतो. मी त्या भागात पोट धरून हसले. सुनेनं केलेलं काम हे काम आहे आणि त्याला किंमत आहे, हा मुद्दा इतक्या विनोदी पद्धतीनं मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ही मालिका उपदेश करत नाही, चुंबनाचं दृश्यही चांगलं आहे, आणि दिलासाही पुरेपूर आहे. म्हणजे प्रकार आडवा येत नाही. लिहिणाऱ्यांना आणि पैसे घालणाऱ्यांना काय हवं होतं, एवढाच प्रश्न उरतो.

पैसे घालणाऱ्यांबद्दल बोलायचं तर 2023च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सनं कोरियन निर्मितीत चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. ‘किंग द लँड’ सोल, बँकॉक, मनिला, दुबई, पुणे सगळीकडे एकाच आठवड्यात बघितली जाणार, हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशा वेळी ‘स्थानिक प्रश्न परदेशी प्रेक्षकाला कळणार नाहीत’ असं सोयीचं कारण पुढे केलं जातं. ते कोरियाच्या बाबतीत तरी कोणी तोंडावर सांगू नये. ‘पॅरासाइट’ला 2020 साली ऑस्कर मिळालं ते तळघरात राहणाऱ्या कुटुंबाच्या गोष्टीला. ‘स्क्विड गेम’ 2021 साली जगानं डोक्यावर घेतली ती कर्जबाजारी माणसांची गोष्ट, आणि तिच्या नायकाला तर कारखान्याच्या संपानंतर नोकरी गेल्याची पार्श्वभूमी आहे. वर्गाचा प्रश्न उत्तम निर्यात होतो. फक्त त्याला रक्तपात लागतो, असं कुणीतरी ठरवून टाकलेलं दिसतं. थरारपटात गरीब माणूस श्रीमंताविरुद्ध उभा राहू शकतो, चाकू घेऊन का होईना. प्रेमकथेत मात्र त्याला, किंवा बहुतेक वेळा तिला, श्रीमंताच्या बाजूला उभं राहूनच फोटो काढावा लागतो. ही वाटणी मला खटकते. राग सगळा पुरुषांच्या खुनी मालिकांना आणि समजूतदारपणा सगळा बायकांच्या प्रेममालिकांना.

मालिकेला धक्का बसला तो एका तिसऱ्याच बाजूनं. सातव्या-आठव्या भागात समीर नावाचा अरब राजपुत्र हॉटेलात येतो: बायकांच्या घोळक्यात बसलेला, पैसे उधळणारा, नायिकेवर लाळ घोटणारा. अरब प्रेक्षक संतापले. ‘पात्रं आणि ठिकाणं काल्पनिक आहेत’ असा बचाव आधी झाला, तो टिकला नाही, आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. हा राजपुत्र रंगवला दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीनं. 2010 साली शिष्यवृत्तीवर सोलला जाऊन नाट्यशिक्षण घेतलेला हा गुणी नट, ‘स्क्विड गेम’मधला अली म्हणून जगाला माहीत झालेला. परदेशी चेहरा पाहिजे म्हटल्यावर कोरियन निर्मात्यांना भारतीय काय, अरब काय, पाकिस्तानी काय, सगळे सारखेच, हा वेगळाच लेखाचा विषय आहे. मला इथं एवढंच म्हणायचं आहे की माफी मागितली गेली. ‘करमणूक आहे, मनावर घेऊ नका’ हे उत्तर त्या प्रेक्षकांना दिलं नाही, किंवा दिलं ते पुरलं नाही. प्रेक्षकानं नाराज होऊन बोलायचं असतं आणि बोललं तर ऐकू जातं, हे त्या आठवड्यात सिद्ध झालं.

सोलमध्ये मात्र हॉटेलात काम करणारी माणसं त्याच उन्हाळ्यात बोलत होती, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. म्यॉंगडाँग या बाजारपेठेत सेजाँग हॉटेल आहे. कोविडच्या काळातल्या तोट्याचं कारण देऊन 2021च्या डिसेंबरात तिथल्या कामगारांना काढून टाकण्यात आलं. काढलेले लोक संघटनेचे होते. त्यांनी हॉटेलच्या दारात ठाण मांडलं. ‘किंग द लँड’चे भाग प्रसारित होत होते तेव्हा ते आंदोलन चालूच होतं. पुढे न्यायालयांनी हॉटेलच्या बाजूनं कौल दिला, बडतर्फी वैध ठरली. तरी 2025च्या फेब्रुवारीत संघटनेचे प्रमुख हॉटेलसमोरच्या रस्त्यावरच्या लोखंडी सांगाड्यावर चढून बसले. निर्मात्यांनी सेजाँग हॉटेलची गोष्ट सांगायला हवी होती असं मी म्हणत नाही. त्यांनी निवडलेली गोष्ट हॉटेलच्या कामगारांची होती, एवढं मात्र त्यांना आठवण करून द्यावंसं वाटतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकांना हे सगळं ओळखीचं वाटेल, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी बँकेत नोकरी करणारी, श्री गृहउद्योगाचा मालक. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये नेहा ज्या कंपनीत कामाला, त्याच उद्योगसमूहाचा वारस यश. मालक असूनही किती साधा, किती निगर्वी, घरच्या बायकांचा किती लाडका! मराठी मालिकेतला श्रीमंत नायक जमिनीवर बसून जेवला की त्याच्या कारखान्यातल्या पगाराची चौकशी करायची गरज उरत नाही. कोरियन मालिका बघणारा मराठी प्रेक्षक अनेकदा अभिमानानं सांगतो की आम्ही ‘आपल्या सासू-सुना’ सोडून चांगलं काही बघायला लागलो. छायाचित्रण चांगलं, अभिनय चांगला, सोळा भागांत संपतं हे तर फारच चांगलं. पण ‘साहेब देवमाणूस’ हा मंत्र तोच आहे. फक्त तो आता जिन्यात साडी नेसून म्हटला जात नाही, काचेच्या लाउंजमध्ये सुटाबुटात म्हटला जातो.

नाराजी व्यक्त करणाऱ्या प्रेक्षकाला ‘मग बघू नकोस’ असं सांगितलं जातं. मी बघणार. या प्रकारावर माझं प्रेम आहे, आणि प्रेम आहे म्हणूनच त्याच्याकडून काही मागायचा हक्क आहे असं मला वाटतं. दोन माणसं एकमेकांच्या जगात कशी शिरतात, शिरताना कुणाचं किती मोडतं, ही रोमँटिक कॉमेडीची मूळ गंमत. त्यासाठी अडथळा खरा लागतो. ‘किंग द लँड’मध्ये गू वॉनचं काय मोडतं? त्याला कशाचा त्याग करावा लागतो, कोणती सवय बदलावी लागते? बापाशी थोडे वाद होतात. त्यापलीकडे तो पहिल्या भागात जेवढा श्रीमंत असतो तेवढाच शेवटच्या भागात असतो, शिवाय आता त्याला आईही मिळालेली असते आणि बायकोही. बदलते ती सा-रांगच. मालिका उत्तरार्धात ढिली पडल्याची तक्रार बऱ्याच जणांनी केली. मला वाटतं ती ढिली पडली कारण लढायला काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. म्हणजे राजकारणाचं सोडा, नुसती कथा म्हणून बघितलं तरी प्रश्न मोडून टाकण्याची किंमत कथेनंच मोजली आहे.

सा-रांग शेवटी काय करते, हे सांगितल्याशिवाय ही तक्रार पुरी होणार नाही. ती किंग हॉटेल सोडते. हा निर्णय मला आवडला होता, क्षणभर वाटलं की मालिका सावरली. ती स्वतःचं छोटं हॉटेल काढते, नाव ‘अमोर’, आणि तिचं लग्नही तिथंच लागतं. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी, सुंदर अंगण, जवळची माणसं, फुलं. म्हणजे नोकरीत राहून हसण्याच्या सक्तीवर इलाज काय, या पहिल्या भागातल्या प्रश्नाला सोळाव्या भागात दिलेलं उत्तर असं की मालक व्हा. प्योंग-ह्वा आणि दा-उल तर नोकरीतच राहणाऱ्या, त्यांच्यासारख्या लाखो जणींना ते कसं जमावं, हे मालिकेला सुचत नाही. आणि ‘अमोर’च्या काउंटरवर उद्या जी मुलगी उभी राहील, तिच्याकडे पदवी किती वर्षांची मागणार, करार किती महिन्यांचा करणार, पाहुण्यानं शिवी दिली तर तिला आत जाऊन बसायची परवानगी असणार की नाही, यांतलं काहीही सा-रांग ठरवताना दिसत नाही. ती हे सगळं भोगून आलेली आहे. निदान तिनं तरी विचारायला हवं होतं.